वस्तादांच्या भुवईवरची खूण

वस्तादांचा चेहरा गावात कोणालाच ठाऊक नव्हता. नाचणगावात आखाड्याला लागून त्यांचं देऊळ आहे, पण माझ्या लहानपणी त्यात मूर्ती नव्हती. ओट्यावर एक शेंदूर लावलेला दगड, एक जोडी लाकडी खडावा आणि भिंतीला टेकवून ठेवलेली, तेल पिऊन काळी पडलेली लाठी, एवढंच. वस्ताद कुठून आले तेही कोणी नक्की सांगत नसे. कोणी म्हणे जबलपूरकडून, कोणी म्हणे फौजेतून पळून. आले, गावाबाहेरच्या पडीक जागेतली माती उकरून त्यांनी आखाडा केला आणि लाठी, बनेटी, दांडपट्टा शिकवायला लागले. त्यांनी घालून दिलेली खेळण्याची रीत शिष्यांकडून शिष्यांकडे जात राहिली आणि माझ्या बाबांपर्यंत आली.

बाबा देवळीला एका कचेरीत कारकून होते. सकाळी एसटीने जायचे, संध्याकाळी साडेपाचला परत. चहा घेऊन सहाला आखाड्यात. कचेरीत आणि घरात ते जरा वाकूनच वावरत, जसं काही कोणीतरी मागून हाक मारणार आहे. पण मातीत पाय ठेवला की पाठ सरळ व्हायची. डावा पाय पुढे, टाच किंचित उचललेली, मान स्थिर. तसे ते उभे राहिले की चालत्या सायकलवरचा माणूसही खाली उतरून बघत असे.

सहा वर्षांपूर्वी बाबा गेले. आजारपण चारच दिवसांचं. मी दवाखान्यात त्यांच्या डाव्या बाजूला बसून होते आणि मला एक गोष्ट बोलायची होती. चार दिवस मी ती तोंडापर्यंत आणली. शेवटच्या दुपारी त्यांनी डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "तुह्या आईले सिलिंडर लावता येत नाई. लावून ठेवजो." त्यानंतर बोलणं झालं नाही.

आई मग माझ्याकडे सिंदी मेघेला राहायला आली. मी वर्ध्याच्या एका शाळेत गणित शिकवते. यजमान नागपूरला नोकरीला, शनिवार-रविवार येतात. त्यामुळे आठवडाभर घरात आम्ही दोघीच असतो.

बाबांनंतर आखाडा त्यांचा सगळ्यात जुना चेला चालवतो. मी त्याला भाऊ म्हणते. तीन वर्षांपूर्वी तो घरी आला, आईच्या पाया पडला आणि म्हणाला, "ताई, देऊळ नवं बांधून राह्यलो. वस्तादांची मूर्ती बसवायची आहे, संगमरवराची. बाहेरच्या कारागिराले सांगतलं. पण थो म्हनते, कसे दिसत होते ते सांगा. आता आमी काय सांगावं?"

गावात नव्वदी ओलांडलेले एक आजोबा होते. त्यांनी लहानपणी वस्तादांना पाहिलं होतं. सगळे त्यांच्याकडे गेले. आजोबा बराच वेळ आठवत राहिले आणि म्हणाले, "चेहरा नाई आठवत मले. पाय आठवते. डावा पाय असा ठेवत. आपला बाबू ठेवे नं, तसाच."

बाबू म्हणजे माझे बाबा. गावात कारकुनाला बाबूच म्हणतात.

"तं म्हटलं, गुरुजींचा एखादा उभा फोटो असन तं द्या," भाऊ म्हणाला. बाबांना तो गुरुजी म्हणतो. "कारागिराले उभं राहनं दाखवतो. बाकी चेहरा थो आपल्या मनानं करन."

फोटो होता. दसऱ्याच्या दिवशीचा, बाबा पंचेचाळीसचे असतील. उघडं अंग, कमरेला लाल पट्टा, हातात लाठी, डावा पाय पुढे. चेहरा अगदी स्पष्ट. डाव्या भुवईतून वर कपाळात गेलेली, बोटाच्या पेराएवढी खूणही स्पष्ट. मी कपाटातून फोटो काढून दिला तेव्हा माझा अंगठा त्या खुणेवर होता. भाऊने फोटो घेतला, अंगठा बाजूला झाला.  

पाच-सहा महिन्यांनी त्याचा फोन आला. "ताई, मूर्ती आली. तुमी एकदा येऊन पाहून घेजा." त्याचा आवाज नेहमीचा नव्हता.

शाळा सुटल्यावर मी गेले. नव्या देवळाच्या फरशीवर खोकं उघडून ठेवलं होतं. सगळीकडे वाळलं गवत. मूर्ती भिंतीला टेकवून उभी केली होती. आणि तिथे माझे बाबा उभे होते.

नाक बाबांचं. कानाच्या पाळ्या बाबांच्या. खालचा ओठ जरासा उजवीकडे ओढलेला, तोही त्यांचाच. कारागिराने आपल्या मनाचं काहीच केलं नव्हतं. समोरच्या फोटोत जे दिसलं ते त्याने दगडात उतरवलं होतं. डाव्या भुवईवर छिन्नीची एक बारीक रेघ होती.

देवळात सात-आठ माणसं असतील. भाऊ म्हणाला, "मी फक्त उभं राहनं दाखवा म्हटलं होतं. त्यानं पूर्ण गुरुजीच करून पाठवले." मग म्हणाला, "परत पाठवू का? तुमी म्हनत असान तं पाठवतो. तिथी ठरली आहे, पन पाठवतो."

मला हो म्हणता आलं असतं. पण मी त्या रेघेकडे बघत होते आणि तोंडून निघालं, "राहू द्या."

आता ती खूण कशाची ते सांगायला हवं.

मी सात वर्षांची असल्यापासून बाबा मला लाठी शिकवत. आखाड्यात नाही. तेव्हा तिथे मुलींना पाय ठेवू देत नसत. आमच्या घरामागच्या अंगणात, सकाळी कचेरीत जायच्या आधी. लहान लाठी त्यांनी स्वतः तासून दिली होती. डाव्या गालावरच्या वाराला तमाचा म्हणतात, उजव्या बाजूच्या वाराला बाहेरा, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. खेळ सुरू करताना सलामी, संपवताना सलामी. शेवटच्या सलामीत लाठी खाली ठेवायची, वाकून माती बोटाला घ्यायची आणि कपाळाला लावायची. त्यानंतर हात उचलायचा नाही. बाबा म्हणत, वस्तादांनी बाकी काही लिहून ठेवलं नाही, पण हा एक नियम मोडू दिला नाही.

मी तेरा वर्षांची झाले त्या वर्षी बाबांनी कबूल केलं होतं की दसऱ्याला देवळासमोर मला खेळवतील. मी महिनाभर दुसरा विचार केला नव्हता. दसऱ्याच्या चार-पाच दिवस आधी आम्ही अंगणात खेळत होतो. बाबा मधेच थांबले.

"बाई, आजचा दिवस खेळ. उद्यापासून नाई."

"काऊन?"

"मोठी झाली तू आता."

"तुमी तं म्हटलं होतं देवळासमोर खेळवीन म्हनून."

"म्हटलं होतं. पंचाईनं नाई म्हटलं."

"वस्ताद नाई म्हनले असते का?"

त्यांनी लाठी या हातातून त्या हातात घेतली. "वस्तादाचं कोनाले माहीत?" ते म्हणाले. "चाल, सलामी दे."

मी सलामी दिली. लाठी खाली ठेवली, माती कपाळाला लावली. बाबांनीही आपली लाठी ठेवली आणि ते मातीसाठी वाकले. त्यांचं डोकं माझ्या कमरेएवढं खाली होतं. मी लाठी उचलली आणि तमाचा मारला.

तो चुकून लागला नव्हता. चुकून लागला असं मी आजवर स्वतःला वेगवेगळ्या तऱ्हेने सांगून पाहिलं आहे, पाय घसरला, राग अनावर झाला, वय लहान होतं. पण मला ते क्षण नीट आठवतात. मी पाहिलं, नेम धरला, आणि मारला.

बाबा एक गुडघा टेकून बसले. बोटांमधून रक्त मनगटावर आलं. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. राग नव्हता त्या बघण्यात. ओळखीच्या माणसाला गर्दीत शोधावं तसं ते बघत होते. मग हळूच म्हणाले, "हात बरोबर गेला बाई. पन सलामी झाली होती."

तेवढ्यात आई आतून ओरडतच आली. "काय झालं वो?"

"काई नाई. चौकट लागली," बाबा म्हणाले.

मागच्या दाराची चौकट खरंच ठेंगणी होती. आईने हळद दाबली, शेजारच्यांनी पुलगावच्या डॉक्टरकडे नेलं, चार टाके पडले. त्या दसऱ्याला बाबा कपाळाला पट्टी बांधून खेळले. मी गेले नाही. पुढे कधीच लाठी धरली नाही आणि त्यांनीही धर म्हटलं नाही. माझ्या दहावीपासून माझ्या लग्नापर्यंत, सगळ्या गोष्टींवर आम्ही बोललो. त्या सकाळबद्दल एक शब्द नाही.

मूर्ती बसली त्या दिवशी मी शाळेचं कारण सांगितलं. पुढे दोन-तीन महिने काही ना काही कारण काढत राहिले. पण बाबा मला भेटायचे थांबले नाहीत. वर्गात फळ्यासमोर उभी असताना खिडकीच्या काचेत माझं प्रतिबिंब पडे आणि त्यात माझा डावा पाय पुढे असे, टाच किंचित उचललेली. मी मुद्दाम दोन्ही पाय जुळवून उभी राहायचे. उदाहरण सोडवता सोडवता पुन्हा बघावं तर पाय पुढे गेलेला. नव्वदीच्या आजोबांनी ओळखले असते असे ते पाय होते. तेव्हा मनात यायचं की वस्तादांच्या त्या पडीक जागेवरून निघालेलं काहीतरी बाबांमधून माझ्यात येऊन बसलं आहे, आणि मी ते बोलावलेलं नाही.

एक दिवस पुलगावला लग्नाला गेले होते, तिथून न राहवून देवळात गेले. एक कुटुंब दर्शनाला आलं होतं. त्यातला माणूस आपल्या बायकोला सांगत होता, "ही खूण पाह्य. आर्वीच्या जंगलात वाघ आला होता अंगावर. नुसत्या लाठीनं लोळवला यायनं." बायकोने हात जोडले, मग हात लांब करून मूर्तीच्या भुवईला बोट लावलं आणि ते बोट आपल्या कपाळाला लावलं.

मी भाऊला बाजूला घेतलं. "हे वाघाचं कोणी सांगितलं?"

तो ओशाळला. "मी नाई सांगतलं ताई. लोक विचारत, ही खूण काह्याची? मी म्हनो, मले माहीत नाई. तं त्याईनंच ठरवलं. आता पोस्टरवर बी छापून आलं."

"तुला ठाऊक आहे ना चेहरा कोणाचा आहे?"

"जुन्या सगळ्याईले माहीत आहे. पन नव्या पोराईले काय सांगू? त्याईच्यासाठी हेच वस्ताद." मग म्हणाला, "गुरुजींची खूण कशाची होती तशी?"

"चौकट लागली होती," मी म्हटलं. माझ्या तोंडून बाबांचं खोटं इतकं सहज आलं की मीच दचकले.

आईला मूर्तीबद्दल मी सांगितलं नव्हतं. पण गावच्या बायकांनी फोनवर सांगितलंच. गुरुपौर्णिमेला ती हट्टाला पेटली. "मले घेऊन चाल. नाई तं मी एकली जातो बसनं." आईच्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, दुसरा अजून धूसर. मी तिला हाताला धरून देवळात नेलं. गर्दी होती. लोकांनी म्हाताऱ्या बाईला पुढे जाऊ दिलं.

ती मूर्तीच्या अगदी जवळ गेली. मान मागे करून वर बघत राहिली. मी तिच्या पाठीशी उभी होते, मला तिचा चेहरा दिसत नव्हता. मग तिने नेहमीच्या आवाजात, घरात बोलावं तसं विचारलं, "इथं येऊन उभे राह्यले का तुमी?"

आजूबाजूच्या एक-दोघी हसल्या. त्यांना वाटलं, म्हातारीची भक्ती. शेजारची बाई समजावत म्हणाली, "आजी, ते पाहा वाघाचं. नख लागलं होतं."

आई वळली. "वाघ-बिघ काई नाई बाप्पा. चौकटीची खूण आहे थे. माह्या घरच्या."

आता मात्र बरेच लोक हसले. आई हसली नाही. तिने टाचा उंचावून पदराने मूर्तीचं कपाळ पुसलं, जसं बाबा बाहेरून आले की घाम पुसायला रुमाल पुढे करायची तसं, आणि मला म्हणाली, "चाल."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीशी होती. बाहेर कपाशीची, पराटीची शेतं मागे पडत होती. ती आपणहूनच बोलायला लागली. त्या चौकटीबद्दल. बाबांना लागल्यावर तिने जुन्या लुगड्याची घडी करून ती वरच्या लाकडावर खिळ्यांनी ठोकली होती, मला ते लाल काठाचं लुगडं चांगलं आठवत होतं. दर दोन-तीन वर्षांनी ती ते बदलायची. येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला सांगायची, सांभाळून, वाका जरा, आमच्या घरी एकाचं कपाळ फुटलं आहे. "पस्तीस वर्षं सांगत राह्यली," ती म्हणाली. "त्याईलेबी सांगो. रोज. हे आपले गपचूप वाकत."

तिथे मला सहन झालं नाही. घरी पोचल्यावर तिला पाणी दिलं, तिच्या समोर बसले आणि सगळं सांगितलं. सलामीसकट.

ती रडली नाही. पाण्याचा पेला खाली ठेवून म्हणाली, "मले कधी सांगतलं नाई त्याईनं." एवढंच. मी समजत होते की तिला माझा राग येईल. तो आला असता तर मी हलकी झाले असते. पण ती माझ्याकडे बघतच नव्हती. पस्तीस वर्षं जो माणूस तिच्या हातचं लुगडं ठोकलेल्या चौकटीखालून रोज मान वाकवून गेला, त्याच्याकडे ती बघत होती.

आठ दिवस तिने माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. जेवायची, देवपूजा करायची, खुर्चीत बसून राहायची. नवव्या दिवशी रविवार होता, यजमान बाजारात गेले होते. दुपारी मी गच्चीत कपडे वाळत घालत होते. ती हळूहळू जिना चढून वर आली. दोरीवरचे कपडे सरकवायची काठी भिंतीला टेकवलेली होती. तिने ती माझ्या हातात दिली.

"कशी मारली ते दाखव."

"आई, काय हे."

"दाखव म्हटलं नं."

तिने माझ्यासमोर वाकून फरशीला बोट लावलं. तिला वाकायला त्रास होतो, एक हात गुडघ्यावर होता. तिचं पांढरं डोकं माझ्या कमरेएवढं खाली. मी काठी उचलली. चाळीस वर्षांत हाताला ती माहीत नव्हती, पण हात आपोआप फिरला, मनगट वळलं, डावा पाय पुढे गेला. तिच्या भुवईपासून वीतभर अंतरावर मी काठी थांबवली. 

आईने पापणीसुद्धा हलवली नाही. तशीच वाकलेली राहून तिने विचारलं, "मंग काय म्हनले ते?"

"हात बरोबर गेला म्हणाले. पण सलामी झाली होती म्हणाले."

ती उठली. मी हात पुढे केला तो तिने धरला नाही, भिंतीचा आधार घेतला. "मले चौकटच बरी होती," असं म्हणून ती खाली गेली.

नंतर मी भाऊलाही सांगितलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. रक्त, टाके, याचं भाऊला काही वाटलं नाही, आखाड्यातल्या माणसाला त्याचं अप्रूप नसतं. पण मधेच त्याने मला थांबवलं. "सलामीनंतर?" मी मान हलवली. "सलामीनंतर मारला, ताई?" त्याचा चेहरा असा उतरला की मला त्याच्याकडे बघवेना. तो उठला आणि मातीवर पाणी शिंपडायला लागला. त्यानंतर तो माझ्याशी पूर्वीसारखाच अदबीने बोलतो, चहा आणवतो, आईची विचारपूस करतो. आता आखाड्यात मुलीही शिकतात, दहा-बारा आहेत. त्या खेळत असल्या आणि मी बघायला उभी राहिले, तर तो शेवटची सलामी झाल्यावरही माझ्याकडे पाठ करत नाही. त्याच्या नकळत होत असेल. मला दिसतं.

देवळातली गर्दी वाढत चालली आहे. वाघ आता दोन झाले आहेत. लोकांची बोटं लागून लागून भुवईजवळचा दगड गुळगुळीत झाला आहे, आणि पंचांनी कठडा बसवायचं ठरवलं आहे.

आम्ही दर पौर्णिमेला जातो. जायचं की नाही हे आई ठरवते आणि ती दर वेळी निघते. पण गुरुपौर्णिमेनंतर ती एकदाही आत आलेली नाही. बाहेर ओट्यावर बसते, रस्त्याकडे तोंड करून. मी आत जाते, नारळ ठेवते, हात जोडते. वर बघितलं तरी कसं बघावं ते अजून कळत नाही, म्हणून मी पायांकडे बघते. मग बाहेर येऊन चपला घालते.

"काय म्हनते ते?" आई दर वेळी विचारते.

"काही नाही."

"मलेबी काई म्हनत नव्हते," ती म्हणते आणि उठायला हात पुढे करते. मग आम्ही पुलगावच्या स्टँडकडे जायला ऑटो बघतो.